उपडी परळ

१

सोमवारी सकाळी धुरपताअक्काच्या अंगणात पाच मांजरं मरून पडली आणि गावाला बरं वाटलं.

हे वाक्य मी मवाळ करणार नाही. मी तिथं होतो. लोक आपापल्या स्लॅबवर चढून, तोंडाला उपरणं बांधून बघत होते. पलीकडच्या लाइनीतून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "सुटलो एकदाचे."

आमचं गाव सास्तूरच्या पुढं दोन कोसांवर. त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं गाव झोपलं ते उठलंच नाही. हे नवं गाव सरकारनं आखून दिलं. सगळी घरं एका मापाची, सपाट स्लॅबची, आणि आता वाढत वाढत एकमेकांना टेकलेली. पत्ता विचारला तर लाइन दोन, घर सात, असं सांगायचं. अक्का लाइन चारच्या टोकाला एकटी राहते. नवरा आणि दोन लेकरं त्या पहाटे दगडाखाली गेली. तिला दुसऱ्या दिवशी काढलं, तेही ढिगाऱ्यावर एक मांजर ओरडत बसलं होतं म्हणून खणणाऱ्यांचा हात तिथं पडला. तेव्हापासून अक्का स्वतः घास घ्यायच्या आधी मांजरांना वाढते. अठ्ठावीस वर्षं झाली.

मी बलभीम. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. डॉक्टर सुई देणार, मी पाय धरणार, जखमा धुणार. तेहतीस वर्षं तेच केलं. मेलेलं जनावर कशानं मेलं हे सांगायला मला पुस्तक लागत नाही. तोंडाला फेस, पाय ताठ, पोटाखाली घाण. पिकावर मारायचं औषध दुधातून दिलं होतं.

चार मांजरं रांजणाच्या आसपास पडली होती. पाचवी बेगम. पांढरी, पाठीवर केशरी डाग, निजामाच्या घरची असल्यासारखी चालायची म्हणून अक्कानं ते नाव ठेवलेलं. बेगम मरता मरता सरपटत मागच्या भिंतीपर्यंत गेली होती. तिथं शेवग्याचं झाड आहे, त्यावरून ती स्लॅबवर चढायची. बुंध्यावर तिच्या नखांचे ताजे ओरखडे होते.

मी तिला उलटं केलं आणि थांबलो. तिची आचळं दुधानं तटतटली होती.

"अक्का, बेगम व्याली कधी?"

"झाला असंल महिना. पर ह्या खेपेला पिलं दावलीच न्हाईत तिनं मला. कुटं ठिवलीत कुनाला ठावं. मांजर सात घरं फिरवतंय पिलं."

अक्का रडत नव्हती. उंबऱ्यावर बसून एकाच जागी बघत होती. मी तिकडं बघितलं. मांजरांची दुधाची परळ, ती मातीची पसरट वाटी, रांजणाच्या कट्ट्यावर ठेवलेली. आत-बाहेर स्वच्छ धुतलेली आणि उपडी.

"ही परळ तुम्ही उपडी घातली?"

"म्या? मांजराची परळ उतानीच पायजे, बलभीम. तहानलेलं येतंय, जातंय. आन् म्या घरात व्हते कुटं? पहाटे पाण्याला गेलते हापशावर. नळावर येऊ देत न्हाईत मला."

म्हणजे मारणारा आला, त्यानं परळ हातात घेतली, दूध घातलं, मांजरं पिईपर्यंत थांबला. मग परळ धुतली, उपडी ठेवली आणि शांतपणे गेला.

२

आता आधीचं सांगतो, नाहीतर राग कशाचा ते कळायचं नाही.

एप्रिलच्या शेवटी बेगम शिंकायला लागली, डोळ्यांतून पाणी. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर अर्पिता तेव्हा गावात आल्या होत्या. एका प्रयोगशाळेला मांजरांचे नमुने हवे होते, म्हणून त्यांनी बेगमच्या नाकात काडी फिरवून नमुना पाठवला. बेगम चार दिवसांत बरी झाली. अहवाल आला मेच्या मध्यावर, शनिवारी. बेगमला कोरोना होता.

डॉक्टरांनी ग्रामपंचायतीत फोन केला. सरपंच हणमंतप्पा, किराणा दुकानवाला शिवराज, शाळेचे शांतलिंग गुरुजी आणि मी, चौघं तो फोन ऐकत होतो.

"नीट ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "मांजरीनं हा आजार गावात आणलेला नाही. गावातल्या माणसानं तो मांजरीला दिलाय. आजारी माणसाच्या अंथरुणात ती झोपली असणार. अक्कांची तपासणी दोनदा झाली, त्यांना काही निघालं नाही. म्हणजे तो माणूस दुसरा कोणीतरी आहे आणि तो तुमच्या यादीत नाही. मी बुधवारी येते. मांजर रोज कुठं जाते ते बघत तिच्या मागं जाऊ. ते घर सापडलं पाहिजे, कारण तिथून माणसांनाही लागलं असेल."

इतकं स्पष्ट. चौथीतल्या पोराला कळेल असं. आणि तासाभरात देवळाच्या भोंग्यावरून काय ओरडलं गेलं? "गावातील मांजरीत कोरोना सापडला आहे. मांजरांपासून सावध राहावे." अर्धं ऐकलेलं पूर्ण खोट्यापेक्षा वाईट असतं.

त्याच दुपारी लिंबाजीची बायको सत्यभामा गेली. उमरग्यात खाट मिळाली नाही म्हणून सोलापूरला नेताना, गाडीतच. गावानं दोन गोष्टींची गाठ मारली. मांजर अक्काचं, म्हणून मरण अक्काच्या दारातून आलं. संध्याकाळी अक्काला गावचा नळ बंद. दुसऱ्या दिवशी हणमंतप्पांनी जाहीर केलं की पुढच्या रविवारी शाळेच्या मैदानात कमिटी बसेल, आणि धुरपताबाईला साथ संपेपर्यंत जुन्या गावातल्या पत्र्याच्या शेडात ठेवायचं की नाही ते ठरेल.

जुनं गाव. जिथं पाणी नाही, दिवा नाही, दगडांत साप आहेत. जिथून तिला खणून काढली, तिथंच तिला परत गाडायला निघाले होते.

मांजरं मेल्यावर मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांची ड्युटी तपासणी नाक्यावर लागली होती.

"आबा, मला रविवारपर्यंत हलता येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि आता मागं जायला मांजरच राहिली नाही."

"मांजर नाही, पिलं आहेत," मी म्हणालो. "ती जिथं आहेत तिथंच बेगम झोपत होती."

३

पहिल्यांदा शिवराजकडं गेलो. 'मांजरं मारा' म्हणून सगळ्यात मोठा आवाज त्याचा.

त्यानं दुकानापुढं दोरी बांधलेली आणि काउंटरवरून प्लास्टिकचा पाइप खाली सोडलेला. साखर मागितली की वरून ओतायची, खाली गिऱ्हाइकानं पिशवी धरायची.

"आबा, दोरीच्या पल्याडच थांबा. तिथूनच बोला."

"मांजरं कोणी मारली, शिवराज?"

"ज्यानं मारली त्याला हार घाला."

"तू मारलीस?"

"म्या?" तो पाइपच्या मागं सरकला. "आबा, त्या अंगणात पाय ठिवायला माझं काळीज हाय का? त्या म्हातारीची नोट म्या चिमट्यानं घेतो, उन्हात वाळवतो. आन् म्या जाऊन परळीत दूध घालू? त्या रोगट मांजरानं चाटलेल्या परळीला हात लावू? अवो, बायकोच्या हातचा चहा सोडून आठ दिस झाले मला! ती म्हनते, तुमच्यापरीस ते मांजर बरं व्हतं."

तो खरं बोलत होता. भित्रा माणूस खोटं बोलतो, पण भीतीबद्दल खोटं बोलत नाही.

घरी येताना माझ्या डोक्यात ती परळच होती. गावातला प्रत्येक माणूस त्या मांजरांना टरकलेला. विष द्यायचं तर भिंतीवरून भाकरीचा तुकडा फेकायचा आणि पळायचं. पण हा आत गेला, परळ हातात घेतली, वर ती धुतली. बिलकुल न घाबरता. असा माणूस कोण? ज्याला जगण्याची पर्वा उरली नाही तो. नाहीतर ज्याला पक्कं ठाऊक आहे की हे मांजर आपल्याला आता काही देऊ शकत नाही, कारण ते दुखणं आपण आधीच भोगून बसलोय.

जगण्याची पर्वा न उरलेला माणूस गावात एकच होता.

४

लिंबाजी शेळ्यांच्या वाड्यात खाली बसला होता. पाच दिवसांची दाढी. मी मांजरांचं नाव काढताच त्यानं काठी उचलली, मग ठेवून दिली.

"म्या मारली असती तर चौकात मारली असती, आबा. नाव सांगून. सोमवारी पहाटे म्या तेरणा नदीवर व्हतो भावासंगं. राखेचं गाडगं दिलं व्हतं दवाखान्यानं. तोंडबी बघू दिलं न्हाय, निस्तं गाडगं."

मी वाड्याच्या दगडावर टेकलो. मग विचारलं, "सत्यभामाला कुठून लागलं असेल रे?"

"त्या मांजरापासून. सगळं गाव म्हनतंय."

"गाव राहू दे. तुमचं घर लाइन एकला. बेगम इथं कधी आली होती?"

त्यानं विचार केला. "न्हाय. कुत्रं हाय आमचं. मांजर टिकत न्हाय."

"मग? सत्यभामा कुठं गेली होती?"

"कुटं जातीय? महिनाभर उंबरा वलांडला न्हाय तिनं. शेळ्या म्या चारतो. सामान म्या आनतो. मला तर काईच झालं न्हाय. घरात कोन आलं न्हाय... हां, गुरुजी तेवढे आलते. सर्व्हेला. बोटाला यंत्र लावायला. त्यांच्या दीपालीच्या लग्नाआदी पाचसा दिस. अर्धा घंटा बसले, मास खाली करून."

"मास्क का खाली केला?"

"खाया नगं?" लिंबाजीच्या तोंडावर एकदम हसू आलं आणि तसंच वाकडं झालं. "चुरमुऱ्याची सुशीला केली व्हती तिनं. मीठ दोनदा पडलं. म्या एक घास घेतला आन् थुकला. आन् गुरुजींनी अख्खी बशी संपीवली! वर म्हनले, झाक झालीय वहिनी. ते गेल्यावर दोन दिस हसत व्हती ती. म्हनायची, किती भला मानूस, बाईचं मन राखलं."

त्या भल्या माणसानं खारट सुशीला का खाल्ली, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. काही माणसांकडं आपण डोळे उघडून बघतच नाही.

५

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर बाधितांची यादी लावलेली. मी बोट ठेवून वाचली. अकरा नावं. लाइन तीन आणि चारमधलं एकही नाही. बेगम शेवग्यावरून चढायची ती या दोनच लाइनींच्या स्लॅबवरून फिरायची, पुढं रस्ता आडवा येतो. अक्षर शांतलिंग गुरुजींचं. यादी तेच करत होते.

ते अक्षर मी गावात सगळ्यात आधी ओळखतो. भूकंपानंतर साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो आणि दवाखान्यातल्या बाटल्या झाकणाच्या रंगावरून ओळखत होतो. गुरुजी तेव्हा पंचविशीतले. माझा जाड पंजा आपल्या हातात धरून त्यांनी 'ब' काढायला शिकवला. पगारपत्रकावर मी पहिल्यांदा सही केली तेव्हा ते माझ्याहून जास्त खूश झाले होते. म्हणून मी शुक्रवारी त्यांच्याकडं गेलो ते संशयानं नाही. यादीत कोण सुटलं असेल, हे विचारायला गेलो.

त्यांचं घर लाइन तीनला, पाठीला पाठ लावून अक्काच्या घराला चिकटलेलं. स्लॅबवर एक पत्र्याची खोली, खिडकीत कूलर, त्याच्या बाजूला मांजर शिरेल एवढी फट. दारात पाऊल टाकलं आणि मला उमासा आला. मास्क असूनही. मेलेल्या जनावराचा वास मला कोणी सांगायला नको. उदाच्या धुरानंही तो झाकत नव्हता.

गुरुजी त्या वासात खुर्चीवर बसून चहात खारी बुडवून खात होते.

"या, आबा. दमलात का? म्हाळसा, आबांना चहा."

"गुरुजी, वास कसला येतोय?"

"वास?" त्यांनी बायकोकडं बघितलं. "उद लावलाय हिनं, डासांसाठी."

"उंदीर मेलंय कुटंतरी, तीन दिस झाले," म्हाळसाबाई पदर नाकाशी धरून म्हणाल्या.

"हिचं सारखं तेच. मला तर काही येत नाही." ते पुन्हा खारी बुडवायला लागले.

खारट सुशीला. हा वास. एप्रिलच्या शेवटी लग्नघरात पाहुणे येणार असताना कूलर खाली नाही, वर पत्र्याच्या खोलीत, जिथं उन्हाळ्यात कोंबडीही बसत नाही.

"वर कोण राहतं?"

"कोणी नाही. एप्रिलमध्ये ऑनलाइन शाळेचं काम करत होतो तिथं, शांतता म्हणून. आता कुलूप आहे."

"किल्ली द्या. मी बघतो काय मेलंय ते. माझं कामच ते."

"किल्ली लग्नाच्या गडबडीत हरवली," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. हातातला कप संपवला, बादलीत विसळला आणि कट्ट्यावर उपडा घातला. शाळेत खिचडी झाल्यावर पोरांना पंचवीस वर्षं हेच शिकवत आले. खाल्लं की धुवा, धुतलं की उपडं घाला. अख्ख्या गावाची लेकरं अशी ताटल्या उपड्या घालतात. माझीही.

मी उठलो. फाटकापर्यंत म्हाळसाबाई आल्या. त्यांच्या नाकात मोरणी नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी लेकीच्या लग्नात होती. पंचवीसच माणसांना परवानगी होती आणि त्या पंचविसांत मी होतो.

"मोरणी कुठं गेली, वहिनी?"

त्यांचा हात नाकाकडं गेला. "पडली कुटंतरी." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "आबा, तुमी जनावरांतलं मानूस. मेलेलं मांजर रडतंय का हो?"

"म्हणजे?"

"दोन दिस रडत व्हतं. वरून. भर दुपारी. आता गप झालंय."

६

मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे आमच्याकडं अंगणवाडीतलं पोरही सांगतं. आजवर कोणी वाहिलेलं मी बघितलं नाही, कारण मांजर मारलेलं कोणी कबूलच करत नाही.

गावात सोनार एकच, उत्तरेश्वर. लॉकडाऊनमुळं दुकानाला बाहेरून कुलूप, तो आत मागच्या दारानं काम करायचा.

"उत्तरेश्वर, म्हाळसावहिनींची मोरणी आटवलीस. काय केलंस तिचं?"

"गिऱ्हाइकाचं बाहेर सांगत न्हाय म्या, आबा."

"परवा अक्काला जुन्या गावात टाकणार आहेत. तिथं ती दोन दिवस टिकणार नाही. ते तुझ्या गिऱ्हाइकाच्या अंगावर जाईल, आणि तुझ्याही."

त्यानं फुंकणी खाली ठेवली. मग त्यानं करंगळीचं नख दाखवलं.

"एवढंसं. चार पाय, एक शेपूट. बुधवारी दिलं. लई रडत व्हती. म्हनली, काशीला जायाला रेल्वे कवा सुरू व्हईल?"

७

रविवारी शाळेच्या मैदानात चुन्याची वर्तुळं आखली होती. एका वर्तुळात एक माणूस. अक्काचं वर्तुळ सगळ्यांपासून वीस पावलं लांब, उन्हात. डॉक्टर अर्पिता नाक्यावरून सरळ आल्या होत्या, टेबलापाशी उभ्या. हणमंतप्पांच्या शेजारी यादी घेऊन शांतलिंग गुरुजी बसलेले.

"धुरपताबाईचा विषय," हणमंतप्पा म्हणाले. "कुणाला काई बोलायचंय?"

"मला," मी म्हणालो. "अप्पा, आधी गुरुजींच्या घरी चला. वरच्या खोलीचं कुलूप तोडायचंय."

मैदान गलबललं. गुरुजी उठले. "आबा, उन्हानं डोकं फिरलं का तुमचं?"

"बेगम व्यालेली होती," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "पिलं अक्काच्या घरात नव्हती. ती तुमच्या कूलरखाली होती, गुरुजी. महिन्यापूर्वी तुम्ही त्या पत्र्याखाली आठ दिवस पडून होता. शाळेचं काम नव्हतं ते. ताप होता. मांजर तुमच्या पायाशी झोपत होती. तिला तुमच्यापासून लागलं. डॉक्टर तिच्या मागं मागं जाणार म्हटल्यावर तुम्ही ती मारली. एकटी मारली तर संशय येईल म्हणून पाचही मारली."

"पुरावा?" त्यांनी शाळेतल्या आवाजात विचारलं.

"बुधवारपासून तुमच्या डोक्यावर पिलं सडतायत. शेजारीपाजारी नाक धरून बसलेत. तुम्हाला वास येत नाही. एक महिना झाला, तुम्हाला कसलाच वास येत नाही आणि चव कळत नाही."

"वास न येणं हा काय गुन्हा आहे?"

बायकांच्या बाजूनं म्हाळसाबाई उठल्या. आपल्या वर्तुळातून बाहेर पडून, चुना तुडवत त्या टेबलापर्यंत आल्या. पदराची गाठ सोडली. नखाएवढं काहीतरी चमकणारं आणि एक किल्ली टेबलावर ठेवली.

"किल्ली ह्यांच्या उशीत व्हती," त्या म्हणाल्या. "सोमवारी पहाटे हे दुधाचा तांब्या घेऊन गेले आन् मोकळा आनला. म्या इचारलं न्हाय. मला वाटलं, ते मांजर मरूनबी आमच्या डोस्क्यावर रडतंय. पिलं व्हती हे मला कुटं ठावं? वर जाऊ देत न्हवते ना हे मला."

चौघं जाऊन कुलूप काढून आले. एकजण भिंतीशी जाऊन ओकला. कूलरखाली जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यावर तीन पिलं होती. उशाशी गोळ्यांची पाकिटं, आणि सोलापूरच्या खाजगी तपासणीचा कागद, गुरुजींच्या नावाचा. डॉक्टर अर्पितांनी तो हातमोज्यानं धरून तारीख वाचली. लग्नाच्या बारा दिवस आधीची.

गुरुजी खाली बसले. वर्तुळात नाही, मातीत.

"लग्न दोनदा मोडलं होतं," ते म्हणाले. "एकदा मागच्या लॉकडाऊनला, एकदा पाहुण्यांकडं सुतक. तिसऱ्यांदा मोडलं असतं तर दीपालीला कोणी... मला वाटलं आठ दिवसांत जाईल. गेला पण. पोर उजवली. मग ती मांजर. रोज येऊन वरच्या खिडकीत बसायची, कूलरच्या फटीतून आत शिरायची. मला वाटायचं ती माझ्यासाठी येते. आजारपणात सवय लागली तिला माझी. पिलं आहेत हे मला... मी खरंच..."

"गुरुजी." लिंबाजी उभा राहिला होता. आवाज इतका हळू की लोक पुढं झुकले. "ताप गेल्यावर किती दिसांनी आमच्याकडं आलते तुमी?"

"दोन."

"मास खाली केलता."

"हो."

"सुशीला खारट व्हती. घास घेतला तवाच तुमाला कळलं आसंल की तोंडाला चव न्हाय. म्हंजी दुखनं अजून आंगात हाय. तवा उठून जायचं व्हतं ना."

गुरुजींनी तोंड झाकून घेतलं.

"तिला वाटलं तुमी तिचं मन राखलं," लिंबाजी म्हणाला. "तेच सांगत मेली ती."

तो पुढं आला असता तर मी अडवलं नसतं, हे आजही लिहितो. पण तो आला नाही. त्यानं काठी जमिनीवर टाकली आणि ज्या बाजूला अक्का उन्हात बसली होती तिकडं तोंड करून उभा राहिला. बघत नव्हता. बघवत नव्हतं.

हणमंतप्पांनी घसा खाकरला. "तर मग धुरपताबाईचा विषय... रद्द समजायचा."

"रद्द?" डॉक्टर अर्पिता कडाडल्या. "फोनवर मी काय सांगितलं होतं, अप्पा? भोंग्यावर अर्धंच का सांगितलंत? तुम्ही, शिवराज, सगळ्यांनी पूर्ण ऐकलं होतं!"

शिवराज आपल्या वर्तुळात खाली बसला. हणमंतप्पा यादीकडं बघत राहिले. गाव उत्तर देत नाही. गाव फक्त ठरवतं, आणि चुकलं की रद्द करतं.

पोलिसांना द्यायचा जबाब मी लिहिला. टेबलावर, सगळ्यांसमोर, जाड अक्षरात, एकेक ओळ मोठ्यानं वाचत. मग कागद गुरुजींच्या पुढं ठेवला. माझ्या हाताला धरून ज्यांनी मला सही शिकवली, त्यांची सही मी घेतली. पहिल्याच अक्षरावर त्यांचा हात अडला. मी धरला नाही.

८

म्हाळसाबाई ते सोन्याचं मांजर घेऊन अक्काकडं गेल्या. पायाशी ठेवलं. अक्कानं वाकून बघितलं.

"हे दूध पितंय का ग?" तिनं विचारलं.

म्हाळसाबाई रडायला लागल्या.

"मग ने. काशीच्या देवाला दे. त्याला चालतंय आसलं."

अक्का उठून एकटी घरी चालत गेली. वाटेत स्लॅबवर उभे असलेले लोक, तेच लोक, खाली उतरून आत गेले. संध्याकाळी मी तिच्या अंगणात होतो. बेगमला आणि बाकीच्या चौघांना शेवग्याखाली पुरलं होतं तिथं, त्यांच्या शेजारी मी तीन लहान खड्डे काढत होतो. फाटक वाजलं. लिंबाजी खांद्यावर पाण्याची घागर घेऊन उभा होता. आत यावं का ते त्याला कळत नव्हतं.

"अक्का, नळाचं पानी आनलंय. रोज आनीन."

अक्कानं रांजणाकडं बोट केलं. माफ केलं म्हणाली नाही. बस म्हणाली नाही.

"घागर तिथं ठिव," ती म्हणाली. "आन् कट्ट्यावरची ती परळ उतानी कर. सोमवारपासनं म्या हात लावला न्हाय तिला. ज्या गावानं उपडी घातली त्यानंच उतानी करावी."

लिंबाजीनं परळ उचलली. हातानं पुसली. उताणी ठेवून घागरीतलं पाणी काठोकाठ भरलं. मग तिथंच, रांजणाला टेकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो बसून राहिला. प्यायला कोणीच येणार नव्हतं, तरी तो उठला नाही.